लेवीयापाशी थांबलेल्या ताईंस

वाचक भगिनीचे पत्र

“जय ख्रिस्त. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, बारावीपर्यंत शिकले आहे. आमच्या गावात ख्रिस्ती घरे सहाच आहेत आणि पाळकसाहेब पंधरा दिवसांतून एकदा येतात. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायचे मी तीनदा ठरवले आणि तिन्ही वेळा लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी थांबले. नागपूरच्या मामेबहिणीने चार इंग्रजी पुस्तके दिली, पण दोन पानांच्या पुढे मला जाता येत नाही. मोबाइलवर प्रवचने ऐकते, तर एक जण एक सांगतो आणि दुसरा नेमके त्याच्या उलट. सासूबाईंना वाचता येत नाही, पण ऐकण्याची फार आवड आहे. शेजारच्या बाया मला वचनांचा अर्थ विचारतात आणि सांगता येत नाही, तेव्हा लाज वाटते. कापूस वेचणीचे पंधराशे रुपये बाजूला ठेवले आहेत. विश्वासात वाढण्यासाठी कोणती पुस्तके घेऊ?”

उत्तर

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना पंधराशे रुपयांच्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. पऱ्हाटीच्या बोंडांतून कापूस ओढताना बोटांची काय गत होते आणि किलोच्या हिशेबाने मजुरी मिळत असताना पंधराशेचा आकडा गाठायला किती दिवस लागतात, हे आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून दहा पुस्तकांची यादी लिहून मोकळे होणे मला जमणार नाही. माझे मत स्पष्टच सांगतो. घरात असलेले एक पुस्तक कोणत्या क्रमाने, कोणाबरोबर आणि किती सावकाश वाचावे, हे तुम्हाला आजवर कोणी जवळ बसून सांगितलेले नाही, आणि तुमची खरी अडचण तीच आहे. यात चूक असलीच तर ती आम्हा वडीलधाऱ्यांची आहे.

लेवीयापाशी थांबणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. उत्पत्ती वाचताना गोष्ट आपला हात धरून नेते, कारण अब्राहाम, याकोब, योसेफ यांची घरे, त्यांच्यातली भाऊबंदकी, पडलेला दुष्काळ आणि धान्यासाठी परमुलखाची धरलेली वाट हे सगळे आपल्या ओळखीचे असते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायापर्यंत, म्हणजे दहा आज्ञांपर्यंत, ही गोष्ट चांगली चालते. त्यानंतर नियमशास्त्र आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे सुरू होतात आणि लेवीयात तर होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण असे विधी एकामागून एक येतात. हे विधी प्रामुख्याने याजकांनी करायचे होते. याजक, वेदी आणि अर्पण यांतले काहीच ज्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याला ते एकट्याने उलगडावे अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. त्या विधींचा ख्रिस्ती माणसाशी काय संबंध, हे नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात, विशेषतः सातव्या ते दहाव्या अध्यायांत सांगितले आहे. ते पत्र वाचून झाल्यावर लेवीय पुन्हा उघडा. तोवर ते बाजूला ठेवण्यात कसलेही पाप नाही.

पवित्र शास्त्र एका पुठ्ठ्यात बांधलेले असले तरी ती सहासष्ट पुस्तकांची पेटी आहे. जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७ पुस्तके आहेत. पेटीत जे वर ठेवले आहे तेच आधी वाचले पाहिजे, असा नियम कोणी केलेला नाही. तुम्ही मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्काने सांगितलेल्या येशूच्या चरित्रापासून, सुरुवात करा. त्याचे सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे आणि येशू कोण होता हे तो भाषणे करून सांगण्यापेक्षा येशूला कामे करताना दाखवून सांगतो. मार्कानंतर लूक घ्या आणि लूकानंतर लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण ही दोन्ही पुस्तके एकाच लेखकाने थियफिल नावाच्या एकाच माणसासाठी लिहिली आहेत आणि मागोमाग वाचली की त्यांचे धागे आपोआप जुळतात. जुन्या करारातून रात्री निजण्यापूर्वी एक स्तोत्र पुरे. रूथचे पुस्तक मात्र मध्येच केव्हातरी सवडीने वाचा. त्यात चारच अध्याय आहेत, एक परक्या गावची सून आणि तिची सासू यांची ती कथा आहे आणि त्यातली सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरते. सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे, हे शहरातल्या वाचकाला तळटीप देऊन सांगावे लागते. तुम्हाला आणि तुमच्या सासूबाईंना ते सांगण्याची गरज नाही. रोमकरांस पत्र पाळकसाहेबांबरोबर वाचण्यासाठी राखून ठेवा. प्रकटीकरण या वर्षी उघडू नये असे मला वाटते, आणि मोबाइलवरच्या प्रवचनकारांना नेमके तेच पुस्तक फार प्रिय असते हेही त्यामागचे एक कारण आहे.

एक हिशेब सांगतो, तो मला फार उपयोगी पडला आहे. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत, म्हणजे एका वर्षात, संपूर्ण नवा करार वाचून होतो. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक उपासनेचा आणि एक राहून गेलेले वाचण्याचा. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हे गणित मोडेल, ते मोडणारच. मोडले की पाच दिवसांचे पाच अध्याय एका रात्री ओढून काढू नका; जिथे खूण ठेवली असेल तिथून एक अध्याय वाचा आणि दिवा मालवा.

आता अभ्यासाच्या पुस्तकांचा नेमका उपयोग काय, हे मला ज्या दिवशी कळले तो दिवस सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या एका गावी मी शिक्षक होतो. शनिवारी संध्याकाळी एका घराच्या ओसरीत आम्ही आठ-दहा जण जमत असू आणि माझ्याकडे एकच पवित्र शास्त्र असल्याने मी मोठ्याने वाचत असे. त्या संध्याकाळी मार्काचा चौथा अध्याय निघाला. पेरणारा पेरावयास निघाला, काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर, काही काटेरी झाडांत आणि काही चांगल्या जमिनीत पडले, हा दाखला मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो आणि मनाचे चार प्रकार हा त्याचा अर्थ मला तोंडपाठ होता. मी वाचून थांबलो तेव्हा एक म्हातारे कास्तकार म्हणाले, “गुरुजी, हा मानूस कास्तकार दिसत नाही. एवढं महागाचं बियानं कोनी वाटेवर फेकते काय?”

मला उत्तर देता आले नाही. त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. आपल्याकडे तिफणीच्या मागे सरत्यातून बी नेमके तासात पडते आणि कपाशी तर एकेक बी मोजून टोबतात. वाटेवर बी सांडायचे म्हणजे पेरणाऱ्याचे भान सुटलेले असले पाहिजे. पुढच्या पंधरवड्यात पाळकसाहेब आले, त्यांच्याजवळ बायबलकाळच्या चालीरीतींवरचे एक जुने पुस्तक होते, ते मी मागून घेतले. त्यात लिहिले होते की त्या देशात शेतकरी बियाण्याची झोळी घेऊन चालत असे आणि मुठीने बी फोकत जात असे. अनेक अभ्यासकांच्या मते नांगर पुष्कळदा पेरणीनंतर फिरवला जाई. आणि खडकाळ म्हणजे दगडधोंड्यांची जमीन नसून चुनखडीच्या थरावर वीतभर माती असलेली जमीन. शेतांमधून लोकांच्या पायवाटा गेलेल्या असत, हेही त्यात होते. हे शेवटचे वाक्य वाचले आणि माझ्या एकदम लक्षात आले की ही गोष्ट मार्काने दोनच अध्याय आधी सांगितली आहे. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशू शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, शेतांमधून चालला आहे आणि शिष्य चालता चालता कणसे मोडत आहेत. मी ते वाचले होते, शिकवलेही होते, पण ती पायवाट मला दिसली नव्हती.

पुढच्या शनिवारी मी हे सगळे ओसरीत सांगितले. म्हातारबाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “मंग बराबर आहे. आपल्या बरडावर असंच होते. पहिल्या पान्यानं बी लवकर वर येते, आन् ऊन तापलं का जळते.” खालचा थर ओल धरत नाही, मुळाला खाली जाता येत नाही, म्हणून ते रोप आधी डोलते आणि आधी मरते, हे त्यांनी आम्हाला समजावून दिले. मार्काच्या त्या वचनाचा याहून चांगला अर्थ मी कोणत्याही प्रवचनात ऐकलेला नाही.

ताई, यावरून दोन गोष्टी मी धरून आहे. अडलेल्या ठिकाणी आधी त्याच पुस्तकाची मागची-पुढची पाने चाळावीत, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिथेच असतात. आणि त्या देशाची जमीन, घरे, सण, नाणी, जकातदार आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ, यांची माहिती देणारे एखादे साधे पुस्तक जवळ असावे. घेण्याजोगे पहिले अभ्यासाचे पुस्तक हेच. पाळकसाहेबांना मराठीतला ‘बायबल शब्दकोश’ किंवा नव्या कराराची ओळख करून देणारे एका भागातले पुस्तक मिळवून देण्यास सांगा. शहरातल्या मोठ्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आणि वार्षिक सभांच्या वेळी अशी पुस्तके विकायला ठेवलेली असतात. मोठमोठी अनेक भागांची भाष्ये घेऊ नका. शब्दसूचीवरही पैसे घालू नका, कारण कोणता शब्द कुठे कुठे आला आहे हे मोबाइलवरचे बायबल ॲप क्षणात शोधून देते. रोज एक वचन आणि त्याखाली दहा ओळी, अशा दैनिक मननाच्या पुस्तिका वाईट नसतात, पण ते तोंडी लावणे आहे. ठेच्यावर कोणाचे जेवण होत नाही.

भाषांतराबद्दल तुम्ही विचारले नाही, परंतु ते मला महत्त्वाचे वाटते. आपल्या मंडळ्यांतून बायबल सोसायटीचे जे ‘पवित्र शास्त्र’ वाचले जाते, त्याची मराठी भारदस्त आणि कानाला गोड आहे, पण तिच्यातली वाक्ये लांब आहेत आणि काही शब्दांचा रोजच्या बोलण्यातला अर्थ निराळा झाला आहे. सोप्या मराठीतली भाषांतरेही निघालेली आहेत आणि घरी वाचण्यासाठी त्यांपैकी एखादी मोठ्या टाइपातली प्रत तुम्ही जरूर घ्यावी. यूव्हर्जनच्या बायबल ॲपमध्ये एकाहून अधिक मराठी भाषांतरे मोफत मिळतात, तेव्हा पैसे खर्च करण्याआधी तिथे एकच अध्याय दोन्हींत वाचून पाहा.

एकाच शब्दाचे उदाहरण देतो. मार्काच्या पहिल्या अध्यायात, पंधराव्या वचनात, येशूच्या तोंडी पश्चात्ताप करण्याची हाक आहे. आपण मराठीत पश्चात्ताप म्हटले की पस्तावा समजतो, म्हणजे झाल्या गोष्टीचे वाईट वाटणे. मूळ ग्रीक शब्द मेटानोइया असा आहे आणि त्याचा अर्थ मन पालटणे असा होतो. रात्री पिऊन आलेला माणूस सकाळी बायकोपुढे रडतो, तो पस्तावा झाला. त्याच दिवशी संध्याकाळी तो गुत्त्यावरून जाणारी वाट सोडून दुसऱ्या वाटेने घरी येतो, तिथे मेटानोइया सुरू होते. शेजारच्या बायांना हा फरक सांगून पाहा. त्यांना तो समजायला कोणतेही पुस्तक लागणार नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ही तुमच्या कानावर येईल. ते वसईचे कॅथलिक धर्मगुरू होते, त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी वाचकाला समोर ठेवून केलेले ते काम आहे. ग्रंथ जाडजूड असल्याने तो विकत घेण्याऐवजी तालुक्याच्या वाचनालयाला मागवण्यास सांगावे, हे बरे. कॅथलिक परंपरेत जुन्या करारात आणखी सात पुस्तके धरतात आणि एकूण संख्या ७३ होते, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी दोन्ही आकडे तुमच्यापुढे ठेवले तर तुम्ही गोंधळणार नाही. नवा करार दोघांचाही तोच, २७ पुस्तकांचा आहे.

इंग्रजी पुस्तकांचे काय करावे, हे सांगताना मला जरा भरून येते, कारण इंग्रजी वाचता येत नाही म्हणून आपला विश्वास कमी प्रतीचा, असे मानणारी पुष्कळ गुणी माणसे मी खेड्यापाड्यांत पाहिली आहेत. ताई, ती पुस्तके मामेबहिणीला प्रेमाने परत करा. मराठीत ख्रिस्ती लेखन चारशे वर्षांपासून होत आहे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. नवा करार मराठीत १८११ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून निघाला, तोही मोडी लिपीत. ‘ज्ञानोदय’ नियतकालिक अहमदनगरला १८४२ साली सुरू झाले. आणि पंडिता रमाबाईंनी तर साध्यासुध्या बाईलाही कळावे अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना आणि बायांना छपाईचे खिळे जुळवायला शिकवले आणि तिथल्याच छापखान्यात ते छापायला घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तुमच्यासारखी एखादी बाई ओसरीत बसून हे पुस्तक वाचील, हेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तर आपल्याच रेल्वेमार्गावर घडली. काही काळ नागपुरात राहिलेला हा विद्वान कवी १८९३ साली नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघाला होता. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. त्यांनी ती वाचायला घेतली आणि पर्वतावरील प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, ते अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. उपासनेत आपण त्यांची जी भजने गातो, त्यांची सुरुवात त्या एका प्रतीच्या वाचनातून झाली आहे.

म्हणून पंधराशेतून घेण्याचे दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे अभ्यासाचे पुस्तक नाही, धर्मशिक्षणाचे तर नाहीच, आणि तरीही विश्वासात वाढू पाहणाऱ्या बाईने ते वाचलेच पाहिजे असे मी आग्रहाने सांगतो. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या त्याच्यावर रागावल्या, रडल्या, दूर राहिल्या, सोवळे पाळत राहिल्या आणि सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर आल्या. त्या पाच वर्षांत त्यांच्या मनात जे जे चालले होते, ते त्यांनी काहीही न लपवता सांगितले आहे. संसारातली ओढाताण, भांडण, हसू, पाहुण्यांनी भरलेले घर आणि रिकामे डबे, हे सारे त्यात आहे. विश्वास असा घरात, चुलीजवळ वाढतो, हे मोठमोठ्या शिकवणीच्या पुस्तकांतून मला कधी इतके पटले नव्हते. पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी आले, आज ते एकत्र मिळते आणि जिल्ह्याच्या कोणत्याही बऱ्या वाचनालयात असते, तेव्हा आधी तिथे विचारा. एकेक प्रसंग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. जॉन बनियन या इंग्रज लेखकाच्या ‘यात्रिक क्रमण’चे, १८४१ साली हरि केशवजींनी मराठीत आणलेल्या प्रवासकथेचे, एखादे सोपे रूप हाती लागले तर तेही त्यांना आवडेल, पाठीवर ओझे घेऊन निघालेला माणूस ते ओझे कुठे उतरवतो, एवढी ती कथा आहे आणि ती लिहिणारा स्वतः भांडी सांधणारा कारागीर होता.

सासूबाईंना वाचता येत नाही, हे तुम्ही उणीव म्हणून लिहिले आहे. मला ते तुमच्या घरचे बळ वाटते. पहिल्या शतकातल्या बहुतेक ख्रिस्ती लोकांनी शास्त्र कानांनीच ऐकले. आपले पत्र सर्व बंधुजनांना वाचून दाखवावे, असे प्रेषित पौल थेस्सलनीका गावच्या मंडळीला शपथ घालून सांगतो आणि आपली पत्रे मंडळ्यांनी एकमेकींत वाचावीत असे कलस्सैकरांना कळवतो. ज्यांच्या आयुष्यात जात्यावरच्या ओव्या आणि भजने मुखोद्गत होती, त्यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली असते. त्यांना आधी ११७वे स्तोत्र शिकवा, ते दोनच वचनांचे आहे, सर्व स्तोत्रांत लहान. मग सहा वचनांचे २३वे. मग १२१वे. ॲपमध्ये मराठी वाचन ऐकण्याचीही सोय आहे. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर मार्काचे अध्याय मोबाइलमध्ये उतरवून घ्या. पण शक्य असेल तेव्हा तुम्हीच वाचा, कारण यंत्राला मध्येच थांबवून “असं काऊन म्हणला येशू?” असे त्या विचारणार नाहीत, तुम्हाला विचारतील, आणि अशा प्रश्नांनीच तुमचे वाचन खोल जाईल.

मोबाइलवरच्या प्रवचनांबद्दल फार लिहीत नाही. ऐकू नका असे मी म्हणणार नाही. मात्र बोलणारा एक वचन घेऊन त्यावर तासभर बोलतो की तो संपूर्ण अध्याय वाचून दाखवतो, हे पाहा. आजार बरा होण्याचे किंवा कर्ज फिटण्याचे वचन देऊन शेवटी पैसे पाठवायला सांगतो का, हे पाहा. आणि त्याने सांगितलेले वचन स्वतः उघडून त्याच्या आगेमागे काय आहे ते वाचा. प्रेषितांच्या कृत्यांत, सतराव्या अध्यायात, बिरुया गावच्या लोकांची थोरवी सांगितली आहे. पौलासारखा माणूस बोलत होता, तरी तो म्हणतो ते तसेच आहे का, हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत असत. पौलाला जी कसोटी लावली गेली, ती मोबाइलवरच्या प्रवचनकाराला लावण्यात संकोच कसला?

तिसरी वस्तू घ्यायची ती दोनशे पानी वही. अध्याय वाचून झाला की तीनच ओळी लिहा. एक, या अध्यायात काय घडले. दुसरी, मला काय कळले नाही. तिसरी, उद्या मला काय करायचे आहे, आणि ही ओळ नेमकी हवी. ‘प्रेम करावे’ असे न लिहिता ‘शेताच्या धुऱ्यावरून ज्या जाऊबाईंशी बोलणे बंद आहे त्यांच्याकडे विरजण मागायला जावे’ असे लिहा. तिसऱ्या ओळीवाचून माझ्या अनेक वह्या भरल्या आणि माझ्यात काही फरक पडला नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसऱ्या ओळीतले प्रश्न पाळकसाहेबांसाठी आहेत. पंधरा दिवसांतून एकदा ते येतात, तेव्हा वेळ प्रार्थनेत आणि चहापाण्यात संपतो. त्यांना आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न सांगून ठेवा, म्हणजे ते तयारीने येतील आणि त्यांनाही आनंदच होईल. टपालाने किंवा फोनवरून चालणारा एखादा मराठी अभ्यासक्रम तुमच्या मंडळीतर्फे आहे का, हेही विचारा. तुमच्या यवतमाळलाच १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शिक्षणसंस्था, होती, पुढे ती पुण्याला गेली. त्या काळात तिथे शिकलेल्या, आता निवृत्त झालेल्या एखाद्या पाळकांचे घर तुमच्या जिल्ह्यात सापडले तर त्यांच्या कपाटातली जुनी मराठी पुस्तके बघायला मागा. अशा घरांत पुस्तके वाचकाची वाट पाहत पडलेली असतात.

राहिली लाज. शेजारच्या बाया तुम्हाला विचारतात, याचा अर्थ त्यांना तुमच्याजवळ विचारावेसे वाटते. “मला माहीत नाही, पाहून सांगते,” असे म्हणा, त्यांच्यासमोरच प्रश्न वहीत उतरवा आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन जा. रथात बसून यशया वाचणारा हबशी अधिकारी फिलिप्पाला सरळ म्हणाला की कोणी समजावून दिल्याशिवाय मला हे कसे कळणार. एवढा मोठा अधिकारी, पण त्याला ते म्हणताना कमीपणा वाटला नाही. बायांना एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा त्यांना आठवड्यातून एकदा तुमच्याकडेच बोलवा. घरे सहा असोत की दोन, एक वाचणारी आणि दोन ऐकणाऱ्या असल्या की अभ्यास सुरू होतो.

सोप्या मराठीतली एक मोठ्या टाइपातली प्रत, एक शब्दकोश किंवा ओळखग्रंथ, वाचनालयात मिळाले नाही तर ‘स्मृतिचित्रे’, आणि वही. उरतील ते पैसे तसेच ठेवा. वर्षभराने कोणते पुस्तक हवे, हे तुमची वहीच सांगेल.

आज रात्री भांडी आवरल्यावर मार्काचा पहिला अध्याय उघडा. त्यात ४५ वचने आहेत, मोठ्याने सावकाश वाचली तरी फार वेळ लागणार नाही. सासूबाईंना जवळ बसवा, वाचून झाल्यावर अर्थ सांगण्याची घाई करू नका, थोडा वेळ गप्प राहा. त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला, तो मला पुढच्या पत्रात नक्की कळवा.

तुमचा भाऊ